रामेश्वरचं बावीस तीर्थांचं स्नान: माणशी 25 रुपयांत काय मिळतं?

रामनाथस्वामी मंदिरात दर्शनाआधी बावीस तीर्थांचं स्नान करायची पद्धत आहे. तिकीट माणशी 25 रुपये. एवढ्यात बावीस विहिरींवर पाणी ओढून डोक्यावर ओतणारी माणसं मिळतात, म्हणजे सौदा स्वस्तच. घोळ होतो तो कपड्यांचा आणि क्रमाचा.

क्रम असा ठेवा. पहाटे 5 ते 6 स्फटिकलिंगाचं दर्शन असतं. ते कोरड्या कपड्यांत आधी उरकून घ्या. मग पूर्वेकडच्या अग्नितीर्थावर, म्हणजे समुद्रात डुबकी. तिथून ओलेत्यानं आत, पहिलं महालक्ष्मी तीर्थ आणि शेवटचं कोटी तीर्थ. त्यानंतर कपडे बदलून मुख्य दर्शन. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत, आणि नेमकं हेच कळेपर्यंत अनेकांच्या कोरड्या कपड्यांची पिशवी लॉजवर राहिलेली असते. गटातल्या एकानं स्नान न करता पिशवी धरून बसणं हा सगळ्यात सोपा उपाय. मोबाइल आत नेता येत नाही.

विहिरीच्या कठड्यावर उभा राहून माणूस दोरानं छोटी बादली ओढतो. गर्दीत ती एक बादली पाच-सहा जणांवर उडते, आणि मागे उभ्या राहिलेल्यांच्या वाट्याला शिंतोडे येतात. पूर्ण बादली हवी असेल तर कठड्याजवळ सरका, पुढच्या विहिरीकडे पळायची घाई करू नका. बाहेर कुणी ‘वेगळ्या गटाचे’ जादा पैसे मागितले तर आधी तिकीट खिडकीवरचा फलक वाचा. आत खुशीनं काही द्यायचं असेल तर सुटे पैसे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

समुद्रानं वेढलेल्या बेटावर विहिरींचं पाणी गोडं कसं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी हलकं असल्यानं खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, विहिरी त्याच थरात आहेत. चव मात्र विहिरीगणिक बदलते, असं भाविक सांगतात.

फरशी सतत ओली, म्हणून वयस्कर माणसांना हात द्या. भिजलेली नऊवारी फार जड होते. सलवार-कमीज किंवा सुती पंचा बरा. साधारण दिवशी तासा-दीड तासात आटोपतं. आषाढ (तमिळ महिना आडी) आणि पौष (तमिळ महिना तै) अमावास्येला मात्र जाऊच नका, निदान मुलांना घेऊन तरी.

बाहेरच्या प्रदक्षिणामार्गात 1212 खांब आहेत. ओल्या अंगानं तिथून धावत जाणं म्हणजे गुन्हाच. कपडे बदलून परत या.

मराठी माणसाला एक आपलेपणाची गोष्ट: गाभाऱ्यातले पुजारी मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मण, शृंगेरी पीठाची दीक्षा घेतलेले. आणि काशीची गंगा इथल्या अभिषेकाला आणणार असाल तर ती तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात आणा. पत्र्याच्या वा लोखंडी डब्यातली घेत नाहीत.