घाट उतरताना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

खिंडीचा रस्ता सायकलवर करायचा म्हटलं की सगळी चर्चा चढावर होते: गिअर कोणते, कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) केवढी, वजन किती कमी करता येईल. उतार काय, आपोआप होतो असं धरून चालतात. पण इटलीतल्या आल्प्समधल्या, २,७५७ मीटरवरच्या स्टेल्व्हिओ खिंडीतून खालच्या प्रातो गावाकडे उतरायचं तर ४८ हेअरपिन (जवळजवळ उलट फिरवणारी) वळणं आणि सुमारे १,८०० मीटरची उतरण असते. त्या सगळ्या वेळात पायांना फारसं काम नसतं, ब्रेकला मात्र उसंत नसते.

वापर झाला तो टूरिंग सायकलवर. दोन पिस्टनचे, खनिज तेलावर चालणारे ब्रेक (लिव्हर दाबला की तेलाच्या दाबाने पिस्टन पॅडना रोटरवर दाबतात), सुरुवातीला पुढे-मागे १६० मिमीचे रोटर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकत्या, आणि राळेत बांधलेल्या तंतूंचे रेझिन पॅड. स्वार, सायकल आणि सामान मिळून साधारण ९० किलो.

आधी उष्णतेचा हिशेब, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. ९० किलो वजन १,००० मीटर खाली आलं की सुमारे ८८० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. अडीच लिटर साधं पाणी उकळीला आणायला एवढी पुरते. यातला काही वाटा वारा घेतो, उरलेला ब्रेक घेतो. वाऱ्याचा वाटा वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, म्हणून हळूहळू उतरलं की ब्रेकला आराम मिळतो ही समजूत अर्धीच खरी आहे. ८ टक्के उतारावर अजिबात ब्रेक न लावता सायकल ताशी ६०च्या आसपास स्थिरावते. ब्रेकवर सर्वांत जास्त भार येतो तो सतत ब्रेक धरून ताशी ३५च्या आसपास उतरताना, सुमारे ४०० वॅट. त्याहून हळू गेलं तर दर सेकंदाची उष्णता कमी होते, पण उतरायला वेळ जास्त लागतो आणि एकूण उष्णता जवळजवळ सगळी ब्रेकवरच पडते.

म्हणून ब्रेक घासत राहू नये. सरळ पट्ट्यावर, पुढचं स्पष्ट दिसत असेल तिथे, सायकल सोडावी. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक एकत्र दोन-तीन सेकंद नीट दाबावेत आणि वळणात शिरताना सोडावेत. सुटलेल्या वेळात रोटरला वारा लागतो. तापलेला रोटर उष्णता झपाट्याने टाकतो, कोमट असलेला सावकाश; त्यामुळे हे दाबणं-सोडणं खरंच उपयोगी पडतं. रस्त्यावर खडी असेल, धुकं असेल किंवा वळणापलीकडचं दिसत नसेल, तर हा नियम बाजूला ठेवून हळूच जावं आणि मध्ये थांबून ब्रेक थंड होऊ द्यावा. खिंडीत थांबायला कारण लागतही नाही, समोरचा देखावाच पुरतो. त्या शांततेत निवणाऱ्या रोटरची टिक-टिक ऐकू येते. पाऊस असेल तर त्यावर पडलेला थेंब चर्र करून उडतो. तेव्हा रोटरला बोट लावू नये: भाजतं, आणि बोटाचं तेल पॅडवर जातं. वरून पाणीही ओतू नये, रोटर वाकण्याचा धोका असतो.

ब्रेक 'गेला' म्हणतात त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या बोटांना कळतात. लिव्हर नेहमीसारखा कडक लागतो पण सायकल थांबत नाही, तेव्हा पॅड तापून त्याची पकड गेलेली असते. लिव्हर मऊ पडून हँडलपर्यंत येतो, तेव्हा कॅलिपरमधलं (पिस्टन आणि पॅड बसवलेल्या चिमट्यातलं) तेल उकळून वाफ झालेली असते. पहिल्या प्रकारात थांबून थंड होऊ दिलं की बहुधा निभावतं. दुसऱ्यात थंड झाल्यावर लिव्हर परत आला तरी तो उतार चालत करावा आणि नंतर ब्रेक ब्लीड करून घ्यावा, म्हणजे नळीतली हवा काढून तेल नीट भरून घ्यावं. तापलेलं रेझिन पॅड काढून पाहिलं की पृष्ठभाग काचेसारखा चकाकताना दिसतो. सपाट पृष्ठभागावर ठेवलेल्या बारीक सँडपेपरवर तो थर हलका घासून काढता येतो. तेल मुरलेलं पॅड मात्र कशानेच सुधारत नाही, बदलावंच लागतं.

आठ महिन्यांत सर्वांत जास्त फरक पडला तो पुढचा रोटर १६० वरून १८० मिमी केल्याने. तेवढ्याच दाबाला चाक थांबवणारा टॉर्क (फिरवणारा जोर) साडेबारा टक्के जास्त मिळतो आणि तापायला धातूही जास्त असतो. लांब उतारावर बोटं कमी दमतात, हे लगेच जाणवतं. यासाठी कॅलिपरखाली अडॅप्टर लागतो, आणि फोर्कला किती मोठा रोटर चालतो हे आधी पाहावंच लागतं. मागे १६० पुरेसा आहे, कारण जोरात थांबताना वजन पुढे सरकतं.

पॅडच्या बाबतीत मत थोडं बदललं. रेझिन पॅड शांत असतात आणि थंड असतानाही लगेच पकडतात, पण पावसात, चिखलाच्या कणांबरोबर, फार लवकर झिजतात. सिंटर्ड पॅड (धातूची भुकटी तापवून-दाबून केलेले) उष्णता आणि ओल दोन्ही जास्त सोसतात, आवाज करतात. लांब घाटांसाठी पुढे सिंटर्ड, मागे रेझिन ही जोडी सर्वांत पटली. रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असेल तर सिंटर्ड लावू नयेत, तो रोटर भराभर झिजतो. नवे पॅड घातले की मोकळ्या रस्त्यावर ताशी २०-२५ वरून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा ब्रेक लावावा, चाक जाम न करता. हे न करता थेट घाटात गेलं तर पकड अर्धवट राहते आणि कर्कश आवाज मागे लागतो.

त्रास झाला तो बहुतेक सायकलची ने-आण करताना. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही. म्हणून दोन पॅडच्या मध्ये प्लास्टिकची पट्टी अडकवावी. सायकल उलटी ठेवली तर लिव्हरजवळच्या टाकीतली हवा नळीत जाते आणि ब्रेक मऊ लागतो. सायकल सरळ उभी करून लिव्हर अनेकदा दाबला की बहुधा ठीक होतं, तरीही पहिला उतार सुरू करण्याआधी तपासावं. रोटर एका बाजूने घासत असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट अर्धा फेरा सैल करावेत, लिव्हर दाबून धरावा आणि बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. शिमानोच्या कॅलिपरला ६ ते ८ न्यूटन-मीटर टॉर्क सांगितला आहे. घासण्याचा आवाज फेऱ्यातून एकदाच येत असेल तर कॅलिपर नव्हे, रोटर वाकलेला आहे.

तेलाची अदलाबदल कधीही करू नये. खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये डॉट द्रव (इतर काही ब्रेकमध्ये तेलाऐवजी असतो तो) गेला तर रबरी सील फुगतात. डॉट हवेतली ओल शोषतो: डॉट ५.१ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २६० अंश असतो, ओल धरल्यावर १८० पर्यंत येऊ शकतो. त्यामुळे डॉटचे ब्रेक असतील तर घाटांच्या हंगामाआधी द्रव बदलणं महत्त्वाचं.

माथ्यावर वारा असतो आणि चढावरचा घाम गार पडतो. गारठलेल्या बोटांना दूरचा लिव्हर नीट दाबता येत नाही, म्हणून हातमोजे उतार सुरू होण्याआधीच चढवावेत आणि लिव्हर हँडलजवळ घ्यावा. त्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. तेव्हाच पॅडही पाहून घ्यावेत. शिमानोची मर्यादा पॅडच्या थराला ०.५ मिमी आणि रोटरला १.५ मिमी आहे. पण ओल्या हंगामात रेझिन पॅडचा शेवटचा अर्धा मिलिमीटर एका लांब घाटातही संपू शकतो, त्यामुळे १ मिमी उरला की पॅड बदललेले बरे. पॅडचा एक जादा जोड, त्याची पिन आणि ती काढायचं अवजार पिशवीत असावं.