एस्केटामाइनचा नाकातला स्प्रे: मूड लवकर हलतो, पण लक्षाचं काय?

डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांना गुण दाखवायला काही आठवडे लागतात. एस्केटामाइनचा स्प्रे, म्हणजे स्प्राव्हाटो, ज्यांना लागू पडतो त्यांच्यात फरक २४ तासांतही दिसू शकतो. इतर औषधांना न बधणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. त्या कामाला औषध दमदार आहे. एकाग्रता वाढवायची म्हणून मात्र याच्या वाटेला जाऊ नये.

एका पंपात २८ मिलिग्रॅम, दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा. ५६ चा डोस म्हणजे दोन पंप, ८४ चा तीन, आणि मध्ये ५-५ मिनिटांची विश्रांती. गडबड इथेच होते. चालतोय का म्हणून पंप हवेत दाबून पाहिला की तो फवारा वाया गेलाच. डोकं ४५ अंश मागे टेकवून फवाऱ्यानंतर हलकेच हुंगायचं. औषध घशात उतरलं की तोंड कडूजहर होतं. मळमळ टाळायला खाणं २ तास आधी बंद, पाणी अर्धा तास आधी.

साधारण ४० मिनिटांनी रक्तदाब सर्वात वर असतो आणि आपण शरीरापासून सुटल्यासारखं वाटतं. निरोगी लोकांच्या चाचणीत याच वेळी आकलन घसरलं, साध्या कामालाही जास्त जोर लावावा लागला. २ तासांनी ते प्लासिबोवाल्यांच्या, म्हणजे औषध नसलेला नकली फवारा घेतलेल्यांच्या, बरोबरीला आले. दवाखान्यात किमान २ तास बसवून ठेवतात ते उगाच नाही. गाडी दुसऱ्या दिवशी, नीट झोप झाल्यावरच.

मग 'डोकं मोकळं झालं' असं रुग्ण म्हणतात ते काय? मेंदूत एक जाळं स्वतःबद्दलच्या विचारांचं, डिफॉल्ट मोड नेटवर्क. दुसरं बाहेर लक्ष लावणारं. एक चढलं की सहसा दुसरं उतरतं. नैराश्यात पहिलं पकड सोडत नाही, म्हणून वाचताना तीच ओळ चारदा वाचावी लागते. निरोगी लोकांना केटामाइन (एस्केटामाइन ज्यातून येतं ते मूळ औषध) दिल्यावर दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये या पहिल्या जाळ्यातले दुवे सैल झालेले दिसले. आमच्या मते लक्षाला धार येत नाही, अडथळा हटतो. अर्थात ते स्कॅन मोजक्या लोकांचे, आणि स्प्रेचे नव्हे.

पहिले ४ आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे ४ एकदा. चौथ्या आठवड्याअखेर उपयोग झाला का, हे डॉक्टरांनी तपासायलाच हवं. लक्षाची परीक्षाही तेव्हाच घ्या, डोसच्या दिवशी नको. मेंदूत रक्तस्राव होऊन गेला असेल किंवा रक्तवाहिनीला फुगा असेल, तर हा स्प्रे घ्यायचाच नाही.