थर्मासातला मसाला चहा: एक हिवाळा वापरून झाल्यावर

दिवाळीच्या आधी एक लिटरचा स्टीलचा थर्मास घेतला, नऊशे रुपयांच्या आतला. आता मार्च उजाडलाय, म्हणजे अख्खा हिवाळा त्याच्यासोबत काढला. कंपनीचं नाव लिहीत नाही. जे सांगायचंय ते बहुतेक सगळ्याच थर्मासांना लागू पडेल, आणि त्यातलं निम्मं तर थर्मासाबद्दल नाहीच, चहाबद्दल आहे.

आधी घेतला कशाला ते सांगतो. गाव निफाड तालुक्यात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की आम्ही बातम्यांत येतो, एरवी कांद्याचा भाव पडल्यावर. विहिरीवरच्या मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की गव्हाला पाणी भरायला बारानंतर शेतात. विहिरीचं पाणी तेव्हा उलट कोमट लागतं, गारठा भरतो तो पाय बाहेर काढल्यावर. शिवाय जानेवारीत द्राक्षात गोडी भरत असते आणि नेमक्या त्याच वेळी कडाका पडला तर मण्यांना तडे जातात. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करायच्या, ठिबक चालू ठेवायचं. अशा वेळी चहासाठी घरी जायचं म्हणजे जाऊन-येऊन पाऊण तास, आणि एकदा गोधडी दिसली की माणूस परत येईल याची खात्री नाही.

डब्यावर लिहिलं होतं, २४ तास गरम. तसं काही होत नाही. साडेअकराला भरला तर तीनपर्यंत ओठ पोळतील असा राहतो, पाचला प्यायला बरा, सातला कोमट. मात्र यात माझीही चूक होती. पहिले दोन आठवडे मी गार थर्मासातच चहा ओतायचो आणि तोही पाऊण भरून. आता भरण्याआधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकण लावून ठेवतो, ते फेकतो आणि मग गळ्यापर्यंत चहा भरतो. एवढ्यानं तासभर जास्त मिळतो. गंमत म्हणजे जेम्स ड्युअर या शास्त्रज्ञानं १८९२ मध्ये हे दुहेरी भिंतीचं निर्वात भांडं बनवलं ते अतिथंड द्रव टिकवायला. चहाचा विचार नंतरच्यांनी केला.

आता चहा. आमच्याकडे आई दरवर्षी थंडी सुरू झाली की मसाला कुटते: सुंठ, वेलची, मिरी, लवंग, दालचिनी, वर चिमूटभर जायफळ. घरी कपात ओतून लगेच प्यायचा तर याला तोड नाही. तोच चहा पहिल्या रात्री थर्मासात भरून नेला. एकला मस्त लागला. तीनला जीभ चरचरली. पहाटे उरलेला ओतला तर बुडाशी बुळबुळीत थर आणि चव अगदी काढ्याची.

कारण समजायला दोन-तीन रात्री गेल्या. चहा पावडर गाळणीत अडकते, पण वस्त्रगाळ केलेला मसाला सरळ खाली उतरतो आणि थर्मासात पाच तास मुरत बसतो. लवंग कडवट होत जाते, सुंठ तर ओल्या आल्यापेक्षा तिखटच. आणि ती बुळबुळ दालचिनीच्या पुडीची. म्हणजे थर्मासात चहा नुसता गरम राहत नाही, तो शिजत राहतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर अर्धा किलो साखर वाचली असती.

तेव्हापासून थर्माससाठी पूड बंद. सगळं अख्खं घ्यायचं, खलबत्त्यात नुसतं ठेचायचं. सव्वा लिटर पाण्यात अंगठ्याएवढं आलं, गवती चहाची चार-पाच पाती, सहा वेलदोडे सालीसकट, चार मिरी आणि लवंग एकच. दालचिनी घालायचीच तर काडी. पाच-सात मिनिटं खळखळ उकळायचं, मग चहा पावडर, दोन मिनिटांत उतरवायचं आणि बारीक गाळणीनं गाळायचं. आपली नेहमीची दाणेदार सीटीसी पावडर रंग आणि कडकपणा पटकन सोडते, तिला जास्त उकळून काही मिळत नाही. गवती चहा मात्र हात सैल सोडून घाला. रात्री दोन वाजता झाकण उघडल्यावर आधी तो वास येतो, चहा मागाहून.

दुधाचं प्रकरण वेगळंच. दोनदा चहा फाटला. एकदा घाईत कच्चं आलं थेट दुधात किसलं. कच्च्या आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं, ते आधी पाण्यात उकळून मारावं लागतं. दुसऱ्यांदा गुळानं दगा दिला. घरी गॅस बंद करून गूळ घातला की चहा ठीक राहतो, पण थर्मासात दोन तासांनी पाहिलं तर कण तरंगताहेत. त्या रात्री शेजारच्या बांधावरचे आण्णा खास शेकोटीवरून उठून आले होते चहाला. कप तोंडाला लावला, माझ्याकडे पाहिलं, "पनीर केलं का रे?" म्हणाले आणि गेले. अजून ऐकवतात.

शेवटी थर्मासात कोरा चहा आणि गूळ, हेच ठरवलं. पहाटेपर्यंत चव जशीच्या तशी. मला तो आता दुधाच्या चहापेक्षा आवडायला लागलाय. आमच्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात काम करणाऱ्या गड्याला, नाही. "भाऊ, हे खोकल्याचं औषध झालं, चहा कधी देता?" हा त्याचा रोजचा सवाल. त्याचंही बरोबर आहे. गार पडलेल्या बोटांना दुधाच्या चहाचा जो दिलासा असतो तो कोऱ्याला नाही.

भांड्याच्या तक्रारी दोन. बटणाचं झाकण दिसायला छान, पण आत साय जाऊन बसते आणि ते उघडून धुता येत नाही. दुधाचा चहा भरणार असाल तर साधं फिरकीचं झाकण घ्या. दुसरी रबराच्या वॉशरची. त्यात लवंगेचा वास इतका मुरलाय की साधं पाणी भरलं तरी दात दुखताहेत म्हणून काही लावल्यासारखं वाटतं. खायचा सोडा गरम पाण्यात घालून रात्रभर ठेवला की आतलं स्टील स्वच्छ होतं, वॉशर नाही. रोज वॉशर काढून धुवायचा आणि झाकण उघडं ठेवून वाळवायचं, एवढं शिकलो.

बाकी मजबुतीला बोट ठेवायला जागा नाही. जानेवारीत मोटारसायकलच्या हुकावरून पडून बुडाला पोचा आला. दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेली असती तर गरम चहा भरल्यावर बाहेरून भांडं तापलं असतं. हात लावून पाहिलं, गारच.

पुढच्या थंडीला अर्ध्या लिटरचा दुसरा घेणार, सालदाराच्या दुधाच्या चहासाठी. दुकानात आधी एकच विचारणार, वॉशर सुटा मिळतो का.