पायरेट्सची एकच जर्सी घ्यायची, तर पाठीवर नाव कुणाचं?

पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कमध्ये बेसबॉलचा सामना बघायला गेलात की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. प्रेक्षकांच्या पाठीवर आजच्या खेळाडूंपेक्षा गेलेल्या जमान्यातल्या खेळाडूंचीच नावं जास्त. त्याला कारणही तसंच आहे. इथल्या पायरेट्स संघानं शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन मुख्य लीगच्या विजेत्यांमधली सात सामन्यांपर्यंत चालणारी अंतिम मालिका, जिंकली १९७९ साली. १९९३ ते २०१२ असे सलग वीस मोसम या संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. शिवाय इथे चांगला खेळाडू तयार झाला की श्रीमंत संघ त्याला उचलून नेतात. आज घेतलेली जर्सी दोन वर्षांत दुसऱ्याच शहराची होऊन बसते. जुनं नाव घेतलं की ती धास्ती नाही.

शिकायला किंवा नोकरीसाठी इथे आलेली आपली मंडळी पहिल्या उन्हाळ्यात हमखास विचारतात, ‘कुणाची घेऊ?’ जर्सी काही स्वस्त नसते, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. मैदानाबाहेर चार खेळाडूंचे पुतळे आहेत: होनस वॅग्नर, रॉबर्टो क्लेमेंते, विली स्टार्जेल आणि बिल मॅझेरोस्की. निवड या चौघांतूनच करावी असं माझं मत. इतर नावं आहेत, त्यांच्याकडेही येतो.

खेळ नवीन असेल तर एवढंच ध्यानात ठेवा, की दहा वेळा बॅटिंगला येऊन तीनदा हिट मारणारा, म्हणजे चेंडू टोलवून पहिला बेस (धावेच्या वाटेवरचा थांबा) गाठणारा, इथे उत्तम बॅटर समजला जातो. ०.३०० सरासरी म्हणजे तेच. ती वर्षानुवर्षं टिकवणारे फार थोडे.

आकड्यांवरच ठरवायचं असेल तर प्रश्न चटकन सुटतो. वॅग्नर घ्या. तो १९०० ते १९१७ पायरेट्सकडून खेळला, जागा शॉर्टस्टॉपची. ही क्षेत्ररक्षणातली सर्वांत अवघड जागांपैकी एक. तिथे खेळणाऱ्याकडून बॅटिंगची फारशी अपेक्षा नसते. या गड्यानं मात्र नॅशनल लीगमधल्या (दोन मुख्य लीगपैकी पायरेट्सची) सर्वोच्च सरासरीचा मान आठ वेळा मिळवला. १९०९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये समोर डेट्रॉइटचा टाय कॉब होता, त्या काळातला सगळ्यात धाकाचा खेळाडू. वॅग्नरची सरासरी ०.३३३, कॉबची ०.२३१, आणि पायरेट्स पहिल्यांदा विजेते. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीसाठी, पहिले पाच खेळाडू निवडले गेले, त्यांत बेब रूथ आणि कॉबबरोबर वॅग्नर होता. दिसायला म्हणाल तर बेढबच. छाती पिंपासारखी, पाय धनुकलीसारखे बाकदार, हात एवढे मोठे की जमिनीवरून चेंडू उचलून फेकताना मुठीतली माती आणि खडेही पहिल्या बेसकडे उडत, असं सांगतात. जन्म पिट्सबर्गला लागून असलेल्या कार्नेगी गावचा, आईवडील जर्मनीहून आलेले. पोरवयात कोळशाच्या खाणीत काम केलं आणि शेवटही त्याच गावात झाला. शहराचा इतका अस्सल भूमिपुत्र चौघांत दुसरा नाही.

पण मग जर्सीचं काय? वॅग्नर खेळत होता तेव्हा कपड्यांवर क्रमांक टाकायची पद्धतच नव्हती, नाव तर दूरच. दुकानात मिळणारा ३३ हा आकडा त्यानं पुढे कोच म्हणून वापरला. तेव्हा वॅग्नरचं नाव आणि ३३ क्रमांक पाठीवर घालणं म्हणजे त्यानं खेळाडू म्हणून अंगावर न घेतलेली गोष्ट आपण घालणं. मला ते पटत नाही. वॅग्नरची खरी आठवण म्हणजे एक बोटभर कागद: सिगारेटच्या पाकिटातून येणारं १९०९ ते १९११ दरम्यानचं त्याचं चित्रकार्ड. ते त्यानं थांबवायला लावलं. लहान मुलांनी त्यासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून, असं काही म्हणतात. मोबदला मिळाला नाही म्हणून, असं दुसरे म्हणतात. स्वतः तंबाखू चघळायचा, त्यामुळे वाद अजून चालूच आहे. त्यातलं एक कार्ड २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना गेलं. ते परवडत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

मॅझेरोस्कीचा मामला अगदी उलटा. आकडे बघाल तर कारकिर्दीची सरासरी ०.२६०, होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे मैदानाच्या भिंतीपलीकडे मारलेले फटके) १३८. म्हणजे साधारणच. पण १३ ऑक्टोबर १९६०, पायरेट्सचं तेव्हाचं मैदान फोर्ब्स फील्ड, न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा सातवा आणि निर्णायक सामना. त्या मालिकेत यांकीजच्या एकूण धावा ५५, पायरेट्सच्या २७. जिंकले तेव्हा पायरेट्स थोडक्यात, हरले तेव्हा पार धुऊन निघाले. सातव्या सामन्यात नवव्या डावाच्या उत्तरार्धात ९-९ अशी बरोबरी, आणि यांकीजच्या राल्फ टेरीनं टाकलेला दुसराच चेंडू मॅझेरोस्कीनं डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे धाडला. सातव्या सामन्याचा शेवट होमरननं होऊन विजेता ठरला, असं वर्ल्ड सिरीजमध्ये फक्त त्या दिवशी घडलं. फोर्ब्स फील्ड पाडलं गेलं, पण भिंतीचा एक तुकडा पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात उभा आहे. दर १३ ऑक्टोबरला काही माणसं तिथे जमून त्या सामन्याचं रेडिओवरचं धावतं वर्णन पुन्हा ऐकतात. निकाल साठ वर्षांहून जुना, तरी टाळ्या ताज्या. पिट, म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठात शिकणाऱ्यांनी तिथल्या पॉस्वर हॉलमध्ये जाऊन यावं. जुन्या मैदानाची होम प्लेट, म्हणजे बॅटर जिथे उभा राहतो ती पाटी, तिथे जमिनीत काचेखाली ठेवलेली आहे.

ज्यांना बेसबॉल कळतो ते मात्र मॅझेरोस्कीचं नाव त्या फटक्यासाठी घेत नाहीत. तो सेकंड बेसवर खेळायचा. तिथे डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना बाद करणं, हे खरं कसब. शॉर्टस्टॉपकडून आलेला चेंडू पकडायचा, बेसला पाय लावायचा, समोरून घसरत येणाऱ्या धावपटूला चुकवायचं आणि पहिल्या बेसकडे फेकायचा. मॅझेरोस्कीचा ग्लव्ह लहानसा. चेंडू त्यात शिरला की लागलीच उजव्या हातातून सुटलेला दिसे. मधे तो पकडला कधी, ते कळत नसे. सोबतच्या खेळाडूंनी त्याला ‘नो टच’ म्हणायला सुरुवात केली ती याच कारणानं. सेकंड बेसवरून १,७०६ डबल प्लेंमध्ये त्याचा हात आहे, आणि तो विक्रम आहे. ज्यांना क्रिकेटमध्येही शतकवीरापेक्षा स्लिपमधला माणूस बघायला आवडतो, त्यांनी सरळ ९ क्रमांक घ्यावा आणि पुढचं वाचूही नये.

मधेच दोन-तीन नावांचा निकाल लावतो. बॅरी बाँड्स १९८६ ते १९९२ इथे होता आणि त्या काळात दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गुणवत्तेनं कदाचित वॅग्नरच्या बरोबरीचा. पण तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला, पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात नाव आलं, आणि इथली जुनी माणसं अजून त्याच्यावर डूख धरून आहेत. त्याचं नाव घालून गेलात तर टोमणे ऐकायची तयारी ठेवा. राल्फ काइनरनं १९४६ ते १९५२ सलग सात वर्षं लीगमध्ये सर्वाधिक होमरन मारले, काही वर्षं बरोबरीत. पण त्या संघानं जिंकलं काहीच नाही. आणि भारतीय नावच हवं असेल तर २००८ मध्ये पायरेट्सनं उत्तर प्रदेशच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना करारबद्ध केलं होतं. भालाफेकीतून आलेले हे दोघे खालच्या लीगपर्यंतच पोचले. त्यांची जर्सी कुणी घातलेली मी तरी पाहिलेली नाही. पाठीवर छापून घेतलीत तर गप्पांना विषय मात्र चांगला मिळेल.

खरी निवड क्लेमेंते आणि स्टार्जेल यांच्यातली. दोघे १९६२ ते १९७२ एकाच संघात होते. दोघांनीही पायरेट्सला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. आणि योगायोग असा, की दोन्ही वेळा समोर बाल्टिमोर ओरिओल्स, दोन्ही वेळा सातवा सामना, दोन्ही वेळा मैदान बाल्टिमोरचं. १९७१ मध्ये क्लेमेंतेची मालिकेतली सरासरी ०.४१४, सातव्या सामन्यात होमरन, निकाल २-१. त्यातली दुसरी धाव पळून काढली ती स्टार्जेलनंच. त्याची स्वतःची ती मालिका मात्र वाईट गेली होती. आठ वर्षांनी पारडं फिरलं. १९७९ मध्ये पायरेट्स ३-१ असे मागे पडले होते. तिथून सलग तीन सामने जिंकले. एकोणचाळीस वर्षांच्या स्टार्जेलची सरासरी ०.४००, तीन होमरन, आणि शेवटच्या सामन्यात आघाडी मिळवून देणारा फटकाही त्याचाच.

स्टार्जेल म्हणजे घरातला थोरला. सगळे त्याला ‘पॉप्स’ म्हणत. कुणी चांगला खेळला की तो त्याला एक छोटा सोनेरी तारा द्यायचा आणि टोपीवर शिवून घ्यायला लावायचा. करोडोंचे करार असलेली माणसं त्या ताऱ्यासाठी झुरत. पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, वाट बघताना मनगटातून बॅट पंख्यासारखी गरगर फिरवायची, ही त्याची लकब. होमरन ४७५, आणि तेही कसे, तर लॉस एंजलिसच्या डॉजर स्टेडियममधून चेंडू थेट बाहेर घालवणारा पहिला माणूस तोच, आणि ते त्यानं दोनदा केलं. दुबळ्या बाजूही आहेत. धावायला मंद, आणि चेंडू हुकून बाद होणं तर पाचवीला पुजलेलं. पण माणूस सगळ्यांचा. ९ एप्रिल २००१ रोजी पीएनसी पार्कमध्ये पहिला मोसमी सामना होता, त्याच सकाळी स्टार्जेल गेला. पुतळ्याचं अनावरण दोनच दिवस आधी झालं होतं.

क्लेमेंते तसा सगळ्यांचा नव्हता, आणि मला वाटतं इथेच लोकांची गल्लत होते. त्याची जर्सी घेणारे बरेचजण एखाद्या संताची तसबीर घ्यावी तशी घेतात. कारण उघड आहे. डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वात भूकंप झाला, पाठवलेली मदत तिथले सत्ताधारी गिळताहेत असं कानावर आलं, म्हणून हा स्वतः मदतीच्या विमानात बसला. ३१ डिसेंबरच्या रात्री पोर्तो रिकोहून उडालेलं ते जुनं, क्षमतेहून जास्त भरलेलं विमान समुद्रात कोसळलं. देह मिळालाच नाही. त्याचा दोस्त, कॅचर मॅनी सँगियेन, श्रद्धांजलीच्या सभेला न जाता पाणबुड्यांबरोबर शोध घेत होता. खेळणं थांबल्यावर पाच वर्षं थांबायचा नियम बाजूला ठेवून १९७३ मध्ये क्लेमेंतेला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं. त्याच्या एकूण हिट ३,०००. एक कमी नाही, एक जास्त नाही.

हे सगळं खरं आहे. पण अठरा वर्षं मैदानावर जो दिसला तो शांत, क्षमाशील वगैरे गृहस्थ नव्हता. तो दुखावला जायचा, आणि दुखावलं गेल्याचं बोलून दाखवायचा. वर्तमानपत्रं त्याचे इंग्रजी उच्चार जसेच्या तसे, वाचकांना हसू यावं असे छापत. रॉबर्टोचं परस्पर ‘बॉब’ केलं होतं. बेसबॉल कार्डांवरही वर्षानुवर्षं तेच छापलं जाई. अपघातात दुखावलेल्या पाठीबद्दल तो बोलला की कामचुकार म्हणत. १९६० च्या विजयानंतर सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात त्याला आठवा क्रमांक मिळाला, तो अपमान तो विसरला नाही. बॅटिंगला उभं राहण्याआधी मान दोन्हीकडे वळवून मोडायचा. वाईट चेंडूवरही बॅट घालायचा. धावताना हेल्मेट उडून पडे. आणि हात! राइट फील्डच्या, म्हणजे मैदानाच्या उजवीकडच्या दूरच्या भागाच्या, कोपऱ्यातून, भिंतीला पाठ लावून, गर्रकन वळत त्यानं टाकलेली फेक तिसऱ्या बेसवर थेट हातात येई. धावपटू निम्म्या वाटेत थांबून मागे फिरत. बारा वर्षं ओळीनं गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार त्याच्याकडे होता. त्याआधी, डॉजर्स संघ ब्रुकलिनमध्ये होता तेव्हा, त्यांनी त्याला इतर संघांच्या नजरेत येऊ नये म्हणून माँट्रियलच्या दुय्यम संघात फारसा न खेळवता लपवून ठेवलं होतं. पायरेट्सची माणसं दुसऱ्याच एका पिचरला बघायला गेली आणि सरावातली त्याची फेक बघून थबकली. शेवटच्या क्रमांकाच्या संघाला पहिली निवड मिळते, त्या नियमानं नोव्हेंबर १९५४ मध्ये ४,००० डॉलरमध्ये उचलला.

१९७१ ची मालिका जिंकल्यावर टीव्हीवाले माइक घेऊन पुढे आले. सगळा देश बघत होता. तो आधी स्पॅनिशमध्ये आपल्या आईवडिलांशी बोलला, त्यांचा आशीर्वाद मागितला, आणि मग इंग्रजीकडे वळला. परक्या मुलखात आपल्या नावाचा दुसऱ्यांनी केलेला शॉर्टफॉर्म निमूट चालवून घेणारी आपली कितीतरी पोरं मी बघतो. त्यांनी २१ क्रमांक घ्यावा तो या क्लेमेंतेसाठी. विमानातल्या क्लेमेंतेसाठी घेतलात तरी हरकत नाही, पण मग तुम्ही अर्धाच माणूस घेतलात.

तर माझं मत २१ ला. घरात लहान मुलं असतील आणि चौघांनी एकसारख्या घ्यायच्या असतील, तर स्टार्जेलचा ८. तो पोरांना पटकन आवडतो, आणि १९७९ ची आडव्या पट्ट्यांची चपटी टोपी त्यांच्या डोक्यावर भारी दिसते.

घेताना कापडाकडेही लक्ष द्या. क्लेमेंतेनं दोन तऱ्हा घातल्या. १९७० च्या मध्यापर्यंत बिनबाह्यांची, बटणांची. त्यानंतर डोक्यावरून घालायची, ताणणाऱ्या कापडाची. पिट्सबर्गच्या एप्रिलमध्ये दुसरी उपयोगाची. पण शोभते पहिलीच, आत काळा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून. मॅझेरोस्कीची घेणार असाल तर बिनबाह्यांचीच हवी, १९६० मध्ये त्यानं तीच घातली होती. आणि १५ सप्टेंबरच्या आत काय ते घेऊन टाका. त्या दिवशी क्लेमेंते दिन असतो, मैदानावरचे खेळाडूही २१ घालतात, आणि त्या आठवड्यात दुकानात तुमच्या मापाची शिल्लक राहीलच असं नाही.