टी१४ घ्यावा की पी१४एस? (देवगडच्या खाऱ्या हवेत)

भावाला धंद्यासाठी लॅपटॉप हवाय, होमस्टेचं बुकिंग, जीएसटी आणि अधूनमधून ऑटोकॅड (प्लॅन-नकाशे काढायचं सॉफ्टवेअर). घोडं अडलंय लेनोवो थिंकपॅडच्या टी१४ आणि पी१४एस वर. दोन्ही १४ इंची, बॉडी जवळपास सारखीच, कीबोर्डवर थोडं पाणी सांडलं तरी निभावतं, म्हणजे मजबुतीत डावं-उजवं करायला फारसं काही नाहीच.

दोन्हींवर मिल-एसटीडी ८१०एच (अमेरिकन सैन्याचं टिकाऊपणाच्या टेस्टचं मानक) असं लिहिलेलं असतं, दुकानदार ते मिलिटरी ग्रेड म्हणून खपवतो, पण त्यातल्या कुठल्या टेस्ट करायच्या ते कंपनीच ठरवते, तेव्हा आपल्याकडच्या माणसाने ५०९ नंबरची सॉल्ट फॉग, म्हणजे खाऱ्या धुक्याची टेस्ट यादीत आहे का ते आधी बघावं. माझ्या जुन्या लॅपटॉपचे (नाव नाही घेत) यूएसबी पोर्ट दोन पावसाळ्यांत हिरवे पडलेले, खिडकीतून समुद्र दिसतो त्याची किंमत ही अशी!

खरा फरक ग्राफिक्सचा. पी१४एस वर्कस्टेशन, म्हणजे जड कामासाठीचा लॅपटॉप आहे, त्याच्या इंटेलवाल्या चौथ्या जनरेशनमध्ये ४ जीबीचं आरटीएक्स ए५०० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड मिळायचं, शिवाय कॅडवाल्या सॉफ्टवेअरसाठी सर्टिफाइड ड्रायव्हर. थ्रीडी, रेंडर रोजचं असेल तर डोळे झाकून हाच. पण वेगळं ग्राफिक्स म्हणजे गरमी जास्त, फॅन जास्त फिरणार, तीच दमट खारी हवा आत ओढणार, आणि जुलैत लाईट गेली की बॅटरी लवकर बसणार. टूडी प्लॅनला टी१४ चं इंटिग्रेटेड (प्रोसेसरमधलंच) ग्राफिक्स पुरतं रे. भावाला टी१४ च सांगितलाय, वाचलेल्या पैशात इन्व्हर्टर घे म्हटलं.