घरात अलार्म बसवताना कोटेशनमधल्या शब्दांनी आमची झालेली फसवणूक

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शेजारच्या विंगमध्ये भरदुपारी घरफोडी झाली. कोथरूडमधली आमची सोसायटी जुनी, वॉचमन एकच. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, मागे गॅलरी, आणि आम्ही दोघं ऑफिसला गेलो की घरात एकटी आई. तिचं वय ७४. आठवड्याभरातच अलार्मवाले सोसायटीत फिरायला लागले. त्यातल्या एकाकडून आम्ही ३८,५०० रुपयांची सिस्टिम बसवून घेतली.

कोटेशनवर लिहिलं होतं : ‘आठ झोन पॅनल, बॅटरी बॅकअप सपोर्ट, मॉनिटरिंग रेडी, पॅनिक बटण.’ माणूस बोलायला अतिशय गोड होता. मी प्रत्येक शब्दाचा मला हवा तो अर्थ लावला आणि सही केली. कोणी माझ्यासारखी सही करायच्या बेतात असेल, त्याच्यासाठी हे लिहितेय.

महिनाभराने एका गुरुवारी महावितरणच्या कामासाठी सकाळीच लाइट गेले. मी घरीच होते. सहज दाराजवळच्या कीपॅडकडे पाहिलं, तर तो पूर्ण बंद. लाइट नसले तरी चार-पाच तास काळजी नाही, असं आम्हाला सांगितलं होतं. सोसायटीच्या वायरमनला बोलावलं. त्याने पॅनलचं झाकण उघडलं. आत खालच्या बाजूला विटेएवढी रिकामी जागा होती आणि तिथे एक लाल, एक काळी अशा दोन वायरी लोंबत होत्या. टोकांना टेप गुंडाळलेली. “ताई, यात बॅटरी बसवलेलीच नाही,” तो म्हणाला.

कंपनीला फोन केला. उत्तर तयारच होतं : “मॅडम, सपोर्ट लिहिलंय ना. म्हणजे बॅटरी लावायची सोय आहे. बॅटरी वेगळी घ्यावी लागते.”

मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. आठ झोन म्हणजे घरातल्या आठ जागा सुरक्षित, असं मी धरून चालले होते. झोन म्हणजे पॅनलला सेन्सर जोडायची एक लाइन. आठ लाइन जोडता येतात एवढाच त्याचा अर्थ, आम्हाला त्यातल्या तीनच वापरून दिल्या होत्या. दोन्ही बेडरूमच्या खिडक्या आणि स्वयंपाकघराचं मागचं दार एकाच झोनवर, म्हणजे रात्री हूटर वाजला तर नेमकं काय उघडलंय ते कळायला मार्ग नाही. हॉलमधला पीआयआर सेन्सर गॅलरीच्या काचेच्या दाराकडे तोंड करून लावला होता, “गॅलरीवरही नजर राहील” असं सांगून. हा सेन्सर हलणाऱ्या माणसाच्या अंगाची उष्णता टिपतो आणि ती उष्णता काचेतून त्याच्यापर्यंत पोचतच नाही. गॅलरीत कोणी तासभर उभं राहिलं असतं, तरी त्याला पत्ता लागला नसता. वर त्या दारालाही ६० सेकंदांचा एंट्री डिले, म्हणजे दार उघडलं तरी हूटर ६० सेकंद गप्प. हा वेळ मुख्य दाराला ठेवतात, आपल्याला आत येऊन कोड दाबता यावा म्हणून. गॅलरीतून कोड दाबायला कोण येणार आहे? आणि मॉनिटरिंग? कुठेतरी चोवीस तास माणूस बसलाय, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात पॅनलमधलं सिम माझ्याच मोबाइलवर फोन लावणार, बस. ‘रेडी’ म्हणजे वर्षाचे पैसे वेगळे भरले तर ती सेवा जोडता येईल.

हे सगळं एक वेळ मी गिळलं असतं. पण वायरमनने आईच्या पलंगाशेजारचं लाल बटण दाबलं आणि काहीही झालं नाही, तेव्हा माझे हातपाय गार पडले. लाइट तोवर आलेले होते, त्यामुळे बॅटरीचं कारण नव्हतं. पॅनिक बटण चोवीस तासांच्या झोनवर जोडावं लागतं, म्हणजे कोड दाबून सिस्टिम बंद ठेवलेली असली तरी ते वाजतं. आमचं साध्या झोनवर जोडलं होतं. आई घरात वावरते म्हणून दिवसा सिस्टिम बंदच असते. म्हणजे ती ज्या वेळात एकटी असते, नेमकं त्याच वेळात ते बटण मेलेलं. आईने महिनाभर त्या बटणाच्या भरवशावर दुपारी दाराला आतली कडी न लावता झोप काढली होती. “मला काही झालं तर तुला आत येता यावं म्हणून,” ती म्हणाली.

बॅटरी मी तापकीर गल्लीतून आणली, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची. तिची आणि पॅनिक बटणाची जोडणी वायरमनने नीट करून दिली. कंपनीने पैसे परत करायला नकार दिला, तेव्हा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद तयार करतेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दाव्याला दोन वर्षांची मुदत असते. कोटेशनची मूळ प्रत आणि टेप गुंडाळलेल्या त्या वायरींचा फोटो जपून ठेवलाय.

तुम्ही बसवून घेत असाल तर शेवटचा हप्ता देण्याआधी त्यांच्या माणसासमोर मेन स्विच बंद करा आणि कीपॅड चालू राहतो का पाहा. प्रत्येक खिडकी उघडून पाहा. सिस्टिम बंद ठेवून पॅनिक बटण दाबा. आणि ‘सपोर्ट’, ‘रेडी’ असे शब्द दिसले की समोर बसून विचारा, ही वस्तू या किमतीत मिळणार आहे की नाही, आणि उत्तर त्याच कागदावर लिहून घ्या.

आई आता दर एक तारखेला, शेजारच्या काकूंना आधी सांगून, दुपारी बारा वाजता ते बटण दाबते. हूटर वाजला की मला ऑफिसात फोन येतो.