गुरुवारचा तास: मंडळीतल्या सोबतीचा आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या ऑगस्टमध्ये बायको गेली. दोन वर्षं अंथरुणावर होती. ऑक्टोबरपासून आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक भाऊ दर गुरुवारी दिवे लागले की माझं ऐकून घ्यायला माझ्याकडे येऊन तासभर बसतात. वाशीमकडच्या आमच्या खेड्यांत ही सोय फारशी कोणाला माहीत नाही, म्हणून लिहितो.

पद्धत मूळ अमेरिकेतली. सेंट लुईस शहरात केनेथ हॉक या पाळकांनी (पास्टरांनी) 1975 साली आपल्या मंडळीत ती सुरू केली. ते मानसशास्त्रही शिकलेले. बायबलमध्ये आहे, विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं म्हणून येशूच्या प्रेषितांच्या सांगण्यावरून मंडळीनं सात जण निवडले; त्यातल्या स्तेफनाचं नाव या सेवेला दिलंय, स्टीफन मिनिस्ट्री. तिकडे साध्या सभासदांना सुमारे 50 तास शिकवतात. आमच्या पाळकसाहेबांनी तोच धडा घेऊन रविवारच्या उपासनेनंतर चौघांना तयार केलं. पुरुषाकडे पुरुष, बाईकडे बाई. ऐकलेलं कोणाला सांगायचं नाही, पाळकांनाही नाही. जिवाला धोका दिसला तरच तोंड उघडायचं, हे भाऊंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

मला भरवसा नव्हता. आमच्या गावात सकाळी शिंकलं तर संध्याकाळी पारावर चर्चा. पहिले दोन गुरुवार मी नुसता सोयाबीनच्या भावावर बोललो. भाऊंनी तेही ऐकून घेतलं. ‘‘मी सांगाले नाही आलो, आयकाले आलो,’’ एवढंच म्हणाले.

वेचणीच्या दिवसांत घरात बसायला जागा नव्हती. कापसाच्या खोलीत ढिगाला टेकून बसलो होतो. तिथं मी पहिल्यांदा बोललो, की ती गेली त्या रात्री मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आईलाही हे सांगितलं नव्हतं. भाऊ स्वेटरला चिकटलेला कापूस एकेक करून काढत होते, ते थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘‘दोन वर्षांत तुमी झोपले किती?’’ मी रडलो. पापाची क्षमा, देवाची इच्छा, यातलं काहीच त्यांनी काढलं नाही. जाताना स्तोत्र 88 वाचलं. ते अंधारातच संपतं, शेवटी धीराची एक ओळसुद्धा नाही. पवित्र शास्त्रात असंही आहे हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात भेटले तर ‘‘का भाऊ, पऱ्हाटीला किती बोंडं?’’ आणि पुढं गेले. आठ महिन्यांत माझी एक गोष्ट बाहेर आली नाही. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

हे औषध नाही. जानेवारीत माझी झोप पूर्ण गेली तेव्हा त्यांनीच डॉक्टरकडे जायचा आग्रह धरला आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लिहून दिला. गोळ्यांचा फायदा झाला, गुरुवारही चालू राहिला.

जूनमध्ये पेरणी लागली तसे दोन गुरुवार बुडाले. ते समजू शकतो, वावर त्यांनाही आहे.

पण बायांचं अवघड आहे. माझ्या चुलतबहिणीकडे एक ताई यायच्या. घर दोन खोल्यांचं, सासू दारातच बसलेली. बहीण तिसऱ्या वेळेला नको म्हणाली. रविवार शाळेची खोली आठवडाभर कुलूपबंदच असते. तिची किल्ली पाळकबाईंकडे ठेवून दुपारी ती बायांसाठी उघडावी, असं मी मंडळीच्या सभेत मांडलंय.